जग्वार : बळकट जबडा आणि एकटी आई

आपल्याकडे बिबट्या सर्वांच्या ओळखीचा. जग्वार समोर आला तर आपण त्याला बिबट्याच समजू. मात्र त्याचा बांधा अधिक भरदार असतो आणि अंगावरच्या काळ्या कड्यांच्या आत आणखी बारीक ठिपके असतात.

ब्राझीलमधील पंतनाल या अफाट पाणथळ प्रदेशात तो नदीकाठाने दबकत फिरतो आणि रुंद नद्याही सहज पोहून जातो. लांबवर पाठलाग करणे त्याच्या स्वभावात नाही. दबा धरून तो एकदम झेप घेतो. मगरीच्या कुळातला केमन आणि उंदराच्या कुळातला मोठा कॅपीबारा ही त्याची नेहमीची शिकार. वाघ, सिंह बहुधा गळा धरतात. जग्वार अनेकदा सरळ कवटीच फोडतो.

याच जबड्यात मादी आपली पिल्ले अलगद धरून हलवते. सुमारे १०० दिवसांच्या गर्भकाळानंतर बहुधा दोन पिल्ले होतात, तीही डोळे मिटलेली. नर संगोपनात भाग घेत नाही. मादी त्याला जवळ फिरकूही देत नाही. दीड-दोन वर्षे आईच्या मागे राहून पिल्ले शिकार शिकतात.

म्हणूनच जग्वारांची संख्या सावकाश वाढते. २०२० च्या वणव्यांत पंतनालचा पाव भागाहून अधिक प्रदेश होरपळला. अर्जेंटिनातील इबेरा पाणथळीतून तर जग्वार सुमारे ७० वर्षे नाहीसाच झाला होता. जानेवारी २०२१ मध्ये तिथे एक मादी तिच्या दोन पिल्लांसह सोडण्यात आली. उजाड झालेले रान पुन्हा नांदते करायला माणसांनीही शेवटी आईवरच भरवसा ठेवला.