मेलबर्नची किक, अमेरिकेचा पंट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये दर वर्षी सर्वोत्तम पंटरला रे गाय यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो, आणि २०१३ ते २०१७ या सलग पाच वर्षांत तो एकाही अमेरिकन खेळाडूला मिळाला नाही. टॉम हॉर्न्सी, दोन वेळा टॉम हॅकेट, मिच विश्नॉव्स्की आणि मायकल डिक्सन हे चारही विजेते ऑस्ट्रेलियाचे होते. ज्या खेळाचे नावच अमेरिकन फुटबॉल आहे, त्यातील एक संपूर्ण जागा दुसऱ्या खंडातील तरुणांनी अशी व्यापावी, ही घटना क्रीडेच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल. तिच्याविषयी बोलताना मात्र काही समजुती इतक्या सहजपणे पुढे केल्या जातात की मूळ कौशल्य नेमके कोणते, हा प्रश्नच मागे पडतो.

त्या समजुती तपासण्यापूर्वी दोन्ही खेळांची मांडणी थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, आणि अशा प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. तीन डाउनमध्ये ते अंतर कापता आले नाही आणि चौथ्यातही अपयश आले, तर चेंडू जिथे असेल तिथेच प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जातो. हा धोका टाळण्यासाठी बहुतेक वेळा चौथ्या डाउनवर एक खेळाडू चेंडू हातातून सोडून, तो जमिनीला टेकण्याआधीच पायाने दूर धाडतो. या किकला पंट आणि ती मारणाऱ्याला पंटर म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला पंट करणाऱ्या संघाच्या गोलरेषेपासून शक्य तितक्या दूरवरून सुरुवात करावी लागावी, एवढाच तिचा हेतू असतो.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा याहून वेगळा आणि वयाने थोडा मोठा खेळ आहे. टॉम विल्स या मेलबर्नमधील क्रिकेटपटूने १८५८ मध्ये हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर चपळ राहावे म्हणून फुटबॉल क्लब काढण्याची सूचना केली आणि पुढच्याच वर्षी या खेळाचे पहिले नियम लिहिले गेले. लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येक बाजूचे अठरा खेळाडू खेळतात आणि चेंडू हाताने फेकण्यास पूर्ण मनाई असते. तो एक तर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा लागतो किंवा पायाने मारावा लागतो. दुसऱ्या कोणत्याही खेळाडूने मारलेली आणि किमान पंधरा मीटर आलेली किक जो खेळाडू हवेतच झेलतो, त्याला मार्क मिळतो, म्हणजे पुढची किक कोणाचाही अडथळा न होता मारण्याचा हक्क मिळतो. या नियमाचा परिणाम फार खोल आहे, कारण त्यामुळे पायाने चेंडू मारणे ही एखाद्या तज्ज्ञाकडे सोपवलेली कामगिरी न राहता मैदानावरील प्रत्येकाची गरज होते, आणि किक किती लांब गेली यापेक्षा ती धावत्या सहकाऱ्याच्या हातात पडली की नाही, यावर खेळाडूची किंमत ठरते.

ऑस्ट्रेलियन खेळाडूंना अमेरिकेत मागणी आहे ती त्यांच्या पायातील ताकदीमुळे, हा सर्वांत रूढ गैरसमज इथेच ढासळतो. लांब किक मारणारे तरुण अमेरिकेत कधीच कमी नव्हते. शिवाय पंटच्या बाबतीत निव्वळ लांबी फसवी ठरते, कारण साठ यार्ड गेलेला पण खालून, वेगाने गेलेला चेंडू झेलणाऱ्याला समोर मोकळे मैदान मिळते आणि तो त्यातले वीस-तीस यार्ड धावत परत मिळवू शकतो, तर पंचेचाळीस यार्डच गेलेला परंतु साडेचार सेकंदांच्या आसपास हवेत राहिलेला चेंडू खाली येईपर्यंत पंट करणाऱ्या संघाचे खेळाडू झेलणाऱ्यासमोर येऊन उभे राहिलेले असतात. हवेत राहण्याच्या या कालावधीला हँग टाइम म्हणतात. म्हणूनच पंटरची खरी कामगिरी मोजताना परतीच्या धावेचे यार्ड वजा करून निव्वळ अंतर पाहावे लागते. शिवाय चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे गेला तर तो वीस यार्डांच्या रेषेवर आणून ठेवला जातो. या टचबॅकमुळे मैदानाच्या मध्यावरून मारलेली अतिलांब किक पंट करणाऱ्या संघाचेच नुकसान करते. तिथे हवी असते ती गोलरेषेच्या अलीकडे पाच-सात यार्डांवर पडून थांबणारी किक.

अशी किक ऑस्ट्रेलियन मुलाने लहानपणापासून मारलेली असते. अमेरिकन पंटरची पारंपरिक किक चेंडूला त्याच्या लांब अक्षाभोवती भोवऱ्यासारखी फिरवते. ऑस्ट्रेलियात याच प्रकाराला टॉर्पेडो म्हणतात, आणि ती खूप लांब जात असली तरी पायाचा स्पर्श किंचित चुकला की दिशा सोडते, म्हणून तिथे ती फार कमी वापरली जाते. तिथली रोजची किक म्हणजे ड्रॉप पंट. तिच्यात चेंडू उभा धरून पायावर सोडला जातो आणि त्याच्या खालच्या टोकाजवळ पाय लागल्यामुळे तो हवेत मागच्या दिशेने कोलांट्या घेत जातो. ही मागे वळणारी गिरकी उड्डाणाला स्थैर्य देते, दिशा सरळ ठेवते आणि, अमेरिकन मैदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे, जमिनीला टेकल्यावर चेंडूला पुढे घरंगळू न देता बऱ्याचदा उभा किंवा मागे उसळवते. चेंडू आपोआप गोलरेषा ओलांडेल या आशेने तो सोडून देणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचा हिशेब या एका उसळीने चुकतो.

मात्र यावरून ऑस्ट्रेलियन खेळाडू विमानातून उतरला आणि पंटर झाला, असे मानणे ही दुसरी मोठी चूक होय. दोन्ही खेळांतील चेंडूंचा घेर जवळजवळ सारखाच असतो, परंतु ऑस्ट्रेलियन चेंडूची टोके गोलसर असतात आणि त्यातील हवेचा दाब कमी असतो, तर अमेरिकन चेंडू टोकदार आणि अधिक कडक असल्यामुळे पाय नेमका जिथे लागायला हवा तो भाग लहान होतो आणि हातातून चेंडू सोडताना झालेली सूतभर चूकही दिसून येते. त्याशिवाय मूळ खेळात जिचा मागमूसही नाही अशी एक क्रिया शिकावी लागते. लाँग स्नॅपर नावाचा खेळाडू आपल्या दोन्ही पायांमधून सुमारे पंधरा यार्ड मागे उभ्या असलेल्या पंटरकडे चेंडू वेगाने भिरकावतो आणि तो क्षण धरून पायाचा स्पर्श होईपर्यंत दोन सेकंदांच्या आसपास वेळ मिळतो; तेवढ्यात चेंडू झेलायचा, हातात फिरवून नीट बसवायचा, ठरलेली पावले टाकायची आणि अंगावर धावून येणाऱ्यांकडे न पाहता किक मारायची असते. त्यातच बहुतेक संघांत फील्ड गोल, म्हणजे गोलखांबांमधून जाणारी किक, मारणाऱ्यासाठी चेंडू जमिनीवर उभा धरण्याचे कामही पंटरकडेच असते.

हे शिकायला किती काळ लागतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे डॅरेन बेनेट. वेस्ट कोस्ट ईगल्स आणि मेलबर्न या संघांकडून खेळलेल्या या खेळाडूने १९९३ मध्ये मधुचंद्रासाठी कॅलिफोर्नियात गेला असताना सॅन डिएगो चार्जर्स संघाकडे चाचणी दिली; पण त्यानंतर त्याला सरावापुरत्या ठेवलेल्या खेळाडूंमध्ये वर्ष काढावे लागले, युरोपातील लीगमध्ये ॲमस्टरडॅमकडून खेळावे लागले, आणि १९९५ मध्ये, तिशी गाठल्यावर, तो नॅशनल फुटबॉल लीगच्या म्हणजे एनएफएलच्या मैदानावर उतरला. त्याच हंगामात तो प्रो बोल या सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला आणि पुढे नव्वदच्या दशकाच्या सर्वोत्तम संघातही त्याला स्थान मिळाले. ड्रॉप पंटला एनएफएलमध्ये प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्याचेच आहे. याउलट ब्रिस्बेन आणि हॉथॉर्न या संघांचा माजी खेळाडू नेथन चॅपमन याने २००४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सकडे प्रयत्न केला, पण त्याला संघात जागा टिकवता आली नाही. मात्र या अनुभवातूनच २००७ मध्ये मेलबर्नमध्ये प्रोकिक ऑस्ट्रेलिया ही प्रशिक्षणसंस्था उभी राहिली, आणि पुढच्या पिढीचा मार्ग तिने बदलला, हे चॅपमनचे योगदान कोणत्याही वैयक्तिक विक्रमापेक्षा मोठे मानायला हवे.

या बदललेल्या मार्गाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच हे सगळे पंटर म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधून, म्हणजे एएफएलमधून, निवृत्त झालेले नामांकित खेळाडू असतात, असा समज टिकून आहे. पहिल्या पिढीपुरता तो बराचसा खरा होता. जिलाँगचा माजी कर्णधार बेन ग्रॅहम २१९ सामने खेळून २००५ मध्ये न्यूयॉर्क जेट्समध्ये गेला आणि २००९ च्या फेब्रुवारीत ॲरिझोना कार्डिनल्सकडून सुपर बोल या एनएफएलच्या अंतिम सामन्यात खेळणारा पहिला ऑस्ट्रेलियन ठरला. २५७ सामन्यांत ७४८ गोल केलेला सॅव्ह रोका तर २००७ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सकडून एनएफएलमध्ये नवोदित म्हणून उतरला. आजचे चित्र निराळे आहे. मायकल डिक्सनला एएफएलच्या खेळाडू-निवडीत कोणत्याही संघाने घेतले नव्हते. मिच विश्नॉव्स्की शाळा सोडून काचा बसवण्याचे काम करत होता आणि अमेरिकेत त्याला आधी सँटा बार्बरा येथील सामुदायिक महाविद्यालयात शिकून मगच युटा विद्यापीठात प्रवेश घेता आला. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को संघाने त्याला एनएफएलच्या खेळाडू-निवडीत चौथ्या फेरीत निवडले तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. सेंट किल्डाकडून खेळलेला ॲरिन सिपॉस किंवा फ्रीमँटलचा मॅक्स डफी यांच्यासारखे एएफएलमधील खेळाडू आजही येतात, पण तेही एकदम व्यावसायिक संघात न जाता अनुक्रमे ऑबर्न आणि केंटकी या विद्यापीठांतूनच पुढे गेले. एका खेळातील व्यावसायिक दुसऱ्या खेळात हौशी विद्यार्थी-खेळाडू म्हणून खेळू शकतो, अशी मुभा तेथील विद्यापीठीय नियमांत असल्यामुळेच हा रस्ता खुला राहिला. म्हणून याला केवळ व्यवसायबदल म्हणणे अपुरे आहे. बहुतेकांच्या बाबतीत ते दुसऱ्यांदा घेतलेले शिक्षण असते, आणि त्यात वर्गात बसून मिळवायची पदवीही आली.

विद्यापीठांत ऑस्ट्रेलियन पंटर मोठ्या संख्येने आणि एनएफएलमध्ये त्या मानाने मोजके का, याचे उत्तरही कौशल्याच्या कमीअधिकपणात नसून नियमांत आहे. एनएफएलमध्ये पाय चेंडूला लागेपर्यंत केवळ दोन टोकांचे खेळाडूच पुढे धावत सुटू शकतात, त्यामुळे इतरांना पुढे पोहोचायला वेळ मिळेल अशी उंच किक जागच्या जागी उभे राहून मारणे पंटरला भाग पडते. विद्यापीठीय खेळात हे बंधन नाही. तिथे सगळेच आधी निघू शकतात, म्हणून पंटर चेंडू हातात घेऊन एका बाजूला धावत जातो, समोरच्या फळीची हालचाल पाहतो आणि धावता धावताच किक मारतो किंवा मोकळी वाट दिसली तर स्वतःच पुढे पळतो. या प्रकाराला रग्बी शैलीचा पंट म्हणतात. तो ऑस्ट्रेलियन मैदानावरील रोजच्या खेळाच्या इतका जवळ आहे की तिथल्या मुलाला तो नव्याने शिकवावा लागत नाही. तोच मुलगा एनएफएलमध्ये गेला की त्याला पुन्हा उभ्या जागेवरच्या, उंच आणि फिरत्या किकवर मेहनत घ्यावी लागते, आणि तिथे सगळे टिकत नाहीत.

पंटर हा खेळाच्या कडेला उभा असलेला, प्रत्यक्ष झटापटीपासून सुरक्षित माणूस आहे, ही समजूत तर अमेरिकन प्रेक्षकांमध्येही दीर्घकाळ होती. रे गाय हा १९७३ मध्ये पहिल्या फेरीत निवडला गेलेला पंटर, पण केवळ पंटर म्हणून कोणालाही व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळायला २०१४ साल उजाडावे लागले, यावरून या जागेची उपेक्षा किती होती ते कळते. ऑस्ट्रेलियन खेळाडू मात्र चेंडू हातात असताना अंगावर येणाऱ्यांना चुकवण्याची सवय घेऊनच वाढलेला असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध मायकल डिक्सनचा पंट प्रतिस्पर्ध्याने अडवला, तेव्हा त्याने तोच चेंडू उचलला, बाजूला पळत पुन्हा किक मारली आणि तो ६८ यार्डांचा पंट म्हणून नोंदला गेला. अडवलेला चेंडू डावाच्या सुरुवातीच्या रेषेपलीकडे न गेल्यास त्याला दुसऱ्यांदा किक मारता येते, हा नियम अनेक प्रेक्षकांना त्या दिवशी प्रथमच कळला. तशा गोंधळात चेंडूवर पडून राहण्याऐवजी पुन्हा किक मारण्याचे सुचणे, हे त्या मूळ खेळाचेच देणे होय.

पैशाविषयीची कल्पना थोडक्यात दुरुस्त करता येते. एनएफएलमधील नवोदिताचे किमान वार्षिक वेतन २०२४ मध्ये ७,९५,००० डॉलर होते, ही रक्कम निःसंशय मोठी आहे, परंतु लीगमध्ये संघ बत्तीस आणि प्रत्येक संघात पंटर सहसा एकच, म्हणजे साऱ्या जगातून स्पर्धा होते ती बत्तीस जागांसाठी. बहुतेकांच्या हाती शेवटी येते ती शिष्यवृत्तीवर मिळालेली पदवी, आणि ज्याने विशीत शाळा किंवा कारखाना मागे टाकला त्याच्यासाठी ती लहान गोष्ट नाही.

उरतो तो समज असा की हे कौशल्य ऑस्ट्रेलियनांच्या रक्तातच असते. वास्तविक ते सरावात असते. मेलबर्न किंवा पर्थमधला मुलगा पाच-सहा वर्षांचा असल्यापासून दोन्ही पायांनी, धावत, वळत, वाऱ्यात आणि पावसात हजारो किक मारतो, तर अमेरिकेतला मुलगा बहुधा शाळेच्या वरच्या वर्गांत पंटकडे वळतो आणि तोही एकाच प्रकारच्या किककडे. हे अंतर भरून निघू शकते. २०२३ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या टोरी टेलर या मेलबर्नच्या पंटरने एका हंगामात ४,४७९ यार्ड पंट करून १९३८ पासून टिकलेला विक्रम मोडला आणि रे गाय पुरस्कारही मिळवला. पण २०१८, २०२० आणि २०२१ या वर्षांत तोच पुरस्कार अमेरिकन खेळाडूंकडे गेला होता, आणि आज अमेरिकेतील तरुण पंटरही ड्रॉप पंट आपल्या नेहमीच्या सरावाचा भाग म्हणून शिकतात.