पंधरा अंक आणि त्यांचे दप्तर

घरातले कुत्रे किंवा मांजर हरवले म्हणजे ते बहुधा कोणाच्या तरी हाती लागतेच. कोणी दयाळू गृहस्थ त्याला अंगणात बांधून ठेवतो, कोणी दवाखान्यात नेऊन पोहोचवतो. परंतु त्या मुक्या जीवाला आपला ठावठिकाणा सांगता येत नसल्यामुळे, आणि गळ्यातला पट्टा व परवान्याचा बिल्ला वाटेत कोठेतरी गळून पडलेला असल्यामुळे, सापडलेले जनावरही बेवारस ठरते. या अडचणीवर तोड म्हणून कातडीखाली बसवण्यात येणाऱ्या मायक्रोचिपविषयी मला कित्येक वर्षे विलक्षण कुतूहल वाटत आले आहे.

पुण्यातील एका पशुवैद्यांच्या दवाखान्यात हा सारा प्रकार मी जवळून पाहिला आहे. टेबलावर एक काळी लॅब्रॅडोर कुत्री होती, आणि तिचे मालक नोकरीनिमित्त सहकुटुंब जर्मनीस निघाले होते. डॉक्टरांनी प्रथम चिपचे बंद पाकीट स्कॅनरखाली धरून पडद्यावर उमटलेला क्रमांक छापील क्रमांकाशी ताडून पाहिला. मग तिच्या अंगात आधीची एखादी चिप नाही याची खात्री करून घेतली. आणि त्यानंतर दोन्ही खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलून, नेहमीपेक्षा बरीच जाड असलेली सुई आत सरकवली. कुत्रीने मान वळवून एकदा मागे पाहिले, इतकेच. पुन्हा स्कॅनर फिरला, तोच क्रमांक उमटला, बारकोडची चिकटपट्टी लसीकरणाच्या पुस्तिकेत डकवली गेली, आणि मगच रेबीजची लस टोचण्यात आली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. कारण युरोपीय संघाच्या नियमांनुसार चिप बसवण्यापूर्वी दिलेली लस हिशेबात धरली जात नाही. शिवाय भारतातून जाणाऱ्या जनावराचे रक्त लसीनंतर किमान ३० दिवसांनी तपासून त्यातील प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक तरी भरावे लागते, आणि रक्त घेतल्यापासून आणखी ३ महिने थांबावे लागते. परदेशगमनाचा मनसुबा असणाऱ्यांनी ही तजवीज तिकिटे काढण्याच्या कितीतरी आधी करावी.

आता खुद्द त्या चिपकडे वळू. तांदळाच्या दाण्याएवढी, सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी ती काचेची कुपी. तिच्यात फेराइटच्या गाभ्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे, आणि त्याला जोडलेला एक सूक्ष्म विद्युत्‌मंडलाचा तुकडा. बॅटरी नाही, त्यामुळे संपण्याजोगे काही नाही. स्कॅनर १३४.२ किलोहर्ट्झ वारंवारितेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, त्या क्षेत्राने वेटोळ्यात क्षणभर वीज उत्पन्न होते, आणि तेवढ्या उसन्या शक्तीवर चिप आपला क्रमांक कळवते. हा संदेश १२८ बिटांचा असतो आणि तो पुरा व्हायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. त्यात क्रमांकाखेरीज वाचन अचूक झाले की नाही हे पडताळण्याची सोयही अंतर्भूत असते, ही गोष्ट मला या सबंध रचनेतील सर्वांत सुंदर वाटते.

क्रमांक १५ अंकी असतो. पहिले ३ अंक देशाचे अथवा उत्पादक कंपनीचे. भारताचा संकेतांक ३५६, तर ९०० पासून पुढचे बहुतेक संकेतांक उत्पादकांचे. उरलेल्या १२ अंकांसाठी ३८ बिट राखून ठेवलेले असल्यामुळे प्रत्येक संकेतांकाखाली २७ हजार ४८७ कोटींहून अधिक जनावरांना निरनिराळे क्रमांक देता येतात. ही चिप जनावर कोठे फिरते आहे ते मात्र सांगू शकत नाही. स्कॅनर काही सेंटिमीटरांवर आणल्याखेरीज ती मूकच राहते. कालांतराने ती खांद्याकडे किंवा पुढच्या पायाकडे सरकलेलीही आढळते. म्हणून स्कॅनर मानेवरून घाईने फिरवून ‘चिप नाही’ असा निकाल देणे अन्यायाचे होय. तो सर्वांगावरून, अगदी संथ गतीने, नागमोडी फिरवला पाहिजे, आणि धातूचे टेबल व धातूचा पट्टा दूर ठेवला पाहिजे.

इतिहास थोडक्यात असा, की १९७० च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत गुरांसाठी अशा खुणेवर काम झाले, १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानके ठरली, इंग्लंडमध्ये कुत्र्यांना ६ एप्रिल २०१६ पासून व मांजरांना १० जून २०२४ पासून चिप सक्तीची झाली, आणि जपानने १ जून २०२२ पासून प्राणी विकणाऱ्यांवर ती सक्ती केली.

जनावराच्या अंगावर खूण करण्याची कल्पना मात्र फार जुनी. अलाउद्दीन खिलजीने लष्करातील घोड्यांना दाग देण्याची पद्धत घातली, शेरशहाने व अकबराने ती पुढे चालवली. मुशाहिरा घेताना चांगल्या घोड्याच्या जागी मरतुकडे तट्टू दाखवण्याची लबाडी तिने रोखायची होती. परंतु नुसत्या दागावर त्या कारभाऱ्यांनी कधी भिस्त ठेवली नाही. स्वारांचा हुलिया, म्हणजे वर्णनाची यादी, दप्तरी असे, आणि हजिरीच्या वेळी तिच्याशी सारे ताडून पाहिले जाई.

आजच्या चिपचेही मर्म याच दप्तरात आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या लिंडा लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३ निवाऱ्यांत आलेल्या ७,७०४ चिपधारी जनावरांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. भटकत आलेल्या एकूण कुत्र्यांपैकी २१.९ टक्के घरी परतले, तर चिपधारी कुत्र्यांपैकी ५२.२ टक्के, मांजरांत हेच प्रमाण १.८ आणि ३८.५ टक्के असे होते. मालक न सापडण्याच्या कारणांत सर्वांत मोठे कारण ठरले ते चुकीचा किंवा बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक, ३५.४ टक्के, काही चिपांची तर कोठे नोंदच नव्हती.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की पालिकांनी कुत्र्याचा परवाना देताना चिपचा क्रमांक त्यावर चढवावा आणि या नोंदींचे दप्तर राज्यभर एकच ठेवावे, म्हणजे नाशिकचे कुत्रे ठाण्यात सापडले तरी त्याचा मालक शोधता येईल. तोवर प्रत्येक पालकाने आपल्या जनावराची चिप कोणत्या यादीत नोंदलेली आहे हे विचारून घ्यावे, घर किंवा दूरध्वनी बदलताच ती नोंद दुरुस्त करावी, आणि दरवर्षी लसीला नेतो त्याच दिवशी डॉक्टरांकडून चिप एकदा वाचून घ्यावी.