ज्याचे पैसे गेले, त्याला विचारा

काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात समजा पंधरा वर्षांच्या पोरानं एका शेतकऱ्याचे बैल विकून आलेले पैसे लांबवले, आणि सापडला. आधी चोप, मग पोलीस, हे आम्हा काष्टीकरांच्या पाहण्यातलं. ज्याचे पैसे गेले त्याला मात्र ‘तुला काय हवंय?’ असं कुणी विचारत नाही.

पुनर्स्थापक न्याय हेच आधी विचारतो. न्यूझीलंडनं १९८९ मध्ये त्याला कायद्यात जागा दिली: मुलगा, त्याचे नातलग, ज्याचं नुकसान झालं तो आणि पोलीस एकत्र बसतात, भरपाई ठरवतात.

आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १८ नुसारही बाल न्याय मंडळ अशा मुलाला समज, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकतं. पण मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीनं दोघांचा जीव घेतला आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध आला. लोक खवळले, ते बरोबरच होतं. निबंधात मेलेल्यांच्या घरच्यांना जागा कुठे होती?

२००७ च्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेनं बांधाची, वाटणीची भांडणं गावात बसून मिटवायला शिकवलं. तशीच बैठक, मंडळाच्या देखरेखीखाली, किरकोळ गुन्ह्यांतल्या मुलांसाठी हवी, असं मला मनापासून वाटतं. मुलाचं नाव बाहेर फुटू नये. शेतकऱ्यावर भावकीचा दबाव नको. आणि पोरीबाळींवरचा अत्याचार तिथे मिटवायचाच नाही, तो कोर्टातच जायला हवा.