जावाचें फुटलें कव्हर

मोटारसायकलीच्या डागडुजीचा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु मावळांत गोठ्यापासून संकलन केंद्रापर्यंत दुधाच्या किटल्या पुष्कळदां दुचाकीवरूनच जातात. ती अडली कीं दूध घरींच राहतें.

आमच्या पुतण्याची जावा म्हैसूरच्या कारखान्यांतील. तेथें १९६१ सालीं या गाड्या निघूं लागल्या. १९९६ सालीं कारखाना बंद पडला. २०१८ पासून जावा हें नांव पुन्हां बाजारांत आलें असलें तरी नव्या गाड्यांचें इंजिन निराळें. त्यांचें कव्हर जुनीस बसत नाहीं. गेल्या आषाढांत पवनानगरहून कामशेतास येतांना ही गाडी चिखलांत डाव्या अंगावर पडली. जावाचा किकचा व गिअरचा दांडा एकच, आणि तोहि डावीकडे. दांडा आंत दाबला जाऊन क्लचचें कव्हर तीन बोटें तडकलें, एक तुकडा निखळला व तेल रस्त्यावर सांडलें. पुतण्यानें इंजिन तत्काळ बंद केलें व तुकडा शोधून खिशांत घातला, हें त्याचें शहाणपण.

जवळच्या एका कारागिरानें लोखंडास करतात तसें वेल्डिंग करून पाहिलें. तड्याच्या जागीं भोंक पडलें. तेव्हां पुतण्या गाडी मोडींत घालावयास निघाला. आम्हीं जन्मभर महसूल खात्यांत कारकुनी केली, यंत्रविद्या शिकलों नाहीं. पण जुनें दप्तर टाकूं नये ही संवय अंगीं आहे. दुसरी गाडी घ्यावयाची तर एक म्हैस विकावी लागली असती.

हें कव्हर ओतीव अ‍ॅल्युमिनियमचें असतें. हा धातु सुमारें ६६० अंशांवर वितळतो. परंतु त्याच्यावर हवेनें जें पातळ पुट चढतें, तें २००० अंशांच्या वर गेल्यावांचून वितळत नाहीं. शिवाय लोखंडासारखा हा आधीं लाल होत नाहीं. डोळ्यांस उमगण्यापूर्वींच गळून पडतो. यास आर्गॉन वेल्डिंगच हवें. आर्गॉन वायु सांध्यापासून हवा दूर ठेवतो, आणि उलटसुलट वाहणारी वीज तें पुट फोडते.

चिंचवडास एका दुकानीं आम्ही दिवसभर बसलों. निम्मा वेळ धुण्यांतच गेला. ओतीव धातूच्या छिद्रांत वर्षानुवर्षें तेल मुरतें, व तें राहिल्यास सांधा जाळीदार होतो. म्हणून कव्हर पेट्रोलनें धुवून, तें पूर्ण वाळल्यावर, दूर नेऊन मंद तापवावें. सुटलेलें तेल पुसावें. पुन्हां तसेंच करावें. पेट्रोलाजवळ ज्योत नको, हें सांगावयास नकोच. तड्याच्या टोंकास बारीक छिद्र पाडलें म्हणजे तो पुढें धांवत नाहीं. मग कानसीनें तड्याचे कांठ उतरते करून, कव्हर जाड लोखंडी पाटीवर आवळून, सिलिकॉन मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सळईनें सांधा भरला. पाटीवर आवळलें नाहीं तर कव्हर वांकतें व दांड्याचें छिद्र तिरपें होतें. पाणी न टाकतां तें आपोआप निवूं दिलें.

बसण्याची कड सपाट करण्यास जाड कांचेवर पॉलिश कागद ठेवून कव्हर त्यावर फिरवलें. परीक्षा सोपी आहे: सांध्यावर बाहेरून खडू फांसावा, आंतून रॉकेल लावावें व घटकाभर थांबावें. खडू ओला झाला तर काम कच्चें. आमच्या कव्हरास एका ठिकाणीं ओल आली. तेवढें पुन्हां भरलें.

दोन गोळे मळून लावावयाचें मिश्रण घरापर्यंत पोंचण्यास ठीक. तेलाच्या बाजूस त्याचा भरंवसा आम्ही धरणार नाहीं. नवें गॅस्केट घालून स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. अ‍ॅल्युमिनियमचे आटे जोरानें मरतात. तेल भरण्यास मात्र विसरूं नये.

दिवाळीपर्यंत थेंबहि गळला नाहीं. सांधा घांसून गुळगुळीत करूं कां, असें कारागिरानें विचारलें होतें. त्याचे निराळे पैसे पडत असल्यानें आम्हीं तो तसाच राहूं दिला.