बेकारी भत्त्याचा नकाशा : एका शहरातील वस्त्यावस्त्यांचा हिशेब

काम सुटलेल्या माणसाला दुसरे काम मिळेपर्यंत शासनाकडून जी रक्कम मिळते, तिला आपण बेकारी भत्ता म्हणतो. ब्रिटनमध्ये 1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्याने ठराविक धंद्यांतील कामगारांसाठी ही सोय प्रथम झाली. 1996 साली तिला 'जॉबसीकर्स अलाउन्स' हे नाव मिळाले आणि 2013 पासून ती टप्प्याटप्प्याने, बहुतांशी, 'युनिव्हर्सल क्रेडिट' या एकत्रित योजनेत सामावली गेली. नावे बदलली तरी भत्ता मागणाऱ्यांची मोजणी दर महिन्याला होत राहिली, आणि ती अर्जदाराच्या राहत्या पत्त्यावरून होते. त्यामुळे एकाच शहरातील कोणत्या वॉर्डात किती माणसे भत्त्यावर आहेत, हे तेथील कोणाही नागरिकाला पाहता येते. अशा आकड्यांवरून वस्तीबद्दल काय कळते आणि काय कळत नाही, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

उदाहरणासाठी बर्मिंगहॅम हे शहर घेऊ. 2021 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेअकरा लाखांच्या आसपास आहे. या शहराशी व परिसराशी आपला एक धागाही आहे. 1950 व 1960 च्या दशकांत पंजाबातून तेथील फाउंड्रीत कामाला गेलेल्या मजुरांत आंबेडकरी कुटुंबे बरीच होती, आणि 1980 च्या सुमारास कारखाने बंद पडू लागले तेव्हा तीही इतरांबरोबर भत्त्याच्या रांगेत उभी राहिली.

या शहराच्या उत्तरेला सटन कोल्डफील्ड हा सुखवस्तू भाग आहे. 1974 साली तो बर्मिंगहॅममध्ये समाविष्ट झाला. शहराच्या मध्यभागी लेडीवुड आहे. लेडीवुड मतदारसंघ अनेक वर्षे सबंध ब्रिटनमध्ये भत्ता मागणाऱ्यांच्या प्रमाणात पहिल्या काही क्रमांकांत राहिला. अलीकडच्या वर्षांतही तेथील प्रमाण सटन कोल्डफील्डच्या तिपटीहून अधिक आढळते. दोन्ही ठिकाणी कायदा तोच, महानगरपालिकाही तीच. मग हा फरक कशामुळे?

काम जवळ नाही म्हणून, असे उत्तर चटकन सुचेल, पण लेडीवुडच्या बाबतीत ते लागू पडत नाही. शहरातील बँका, कचेऱ्या, हॉटेले याच मतदारसंघात आहेत. 1991 साली मोठे आंतरराष्ट्रीय परिषद केंद्र याच भागात उघडले आणि त्याच्याभोवती नव्या इमारतींची रांग उभी राहिली. मात्र या नोकऱ्या करणारी बरीच माणसे सकाळी गाडीने येतात व संध्याकाळी आपल्या उपनगरात परततात. त्यांचा पगार त्यांच्या उपनगराच्या हिशेबात पडतो. मागच्या गल्लीत राहणाऱ्या बेकाराची नोंद मात्र लेडीवुडच्या नावे होते. आपल्या मोठ्या शहरांतील झोपडपट्टीशेजारी उभे राहिलेले टॉवर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण घरांचे. शहराच्या आतल्या भागात जुनी, स्वस्त भाड्याची व नगरपालिकेची घरे अधिक. नवा आलेला, कमी कमाईचा माणूस तेथे खोली घेतो. चांगली नोकरी लागली की तो बाहेर जातो आणि त्याच्या जागी दुसरा गरजू येतो. परिणामी वीस वर्षे वॉर्डाचा आकडा तोच राहिला, तरी त्यातील माणसे तीच असतात असे नव्हे. 'त्या वस्तीतले लोक आळशी' असा जो शेरा मारला जातो, तो येथेच कोलमडतो.

कधी एखादा कारखानाच सगळा नकाशा हलवतो. 1905 पासून मोटारी बनवणारा लाँगब्रिजचा कारखाना एप्रिल 2005 मध्ये बंद पडला आणि सुमारे 6,000 कामगार एकदम घरी बसले. शहराच्या नैऋत्येकडील कामगार वस्त्यांतून अर्जांचा लोंढा आला. पुढे बहुतेकांना काम मिळाले खरे, पण अनेकांचे पगार पूर्वीपेक्षा कमी झाले. भत्त्याच्या आकड्यात ही घसरण दिसत नाही, कारण काम मिळालेला माणूस यादीतून निघून जातो.

नावाचा प्रश्नही आहेच. 2009 साली ब्रिटिश शासनासाठी बर्मिंगहॅमसह सात शहरांत एक चाचणी झाली. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवण्यात आले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला सरासरी 9 अर्जांमागे एक अनुकूल उत्तर आले. आशियाई वा आफ्रिकी वाटणाऱ्या नावाला 16 अर्ज करावे लागले. आपल्याकडे सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दलित आडनावाच्या उमेदवाराबाबत असेच आढळले होते. ज्या वस्तीत अशी नावे जास्त, तेथे भत्त्याचे अर्ज जास्त, यात नवल ते काय?

आता या नकाशाची दुसरी बाजू. हा आकडा बेकारांचा नाही, भत्ता मागणाऱ्यांचा आहे. ऑक्टोबर 1982 पर्यंत नोंदणी केलेले बेकार मोजत. त्यानंतर केवळ भत्तेकरी मोजू लागले. 1983 साली 60 वर्षांवरील पुरुषांवरील सही करण्याची अट काढली गेली आणि ते आकड्यातून नाहीसे झाले. उलट युनिव्हर्सल क्रेडिटखाली थोडेच तास काम करणारे, तुटपुंज्या कमाईचे लोकही यात धरले जातात. विद्यापीठाशेजारच्या सेली ओकमध्ये विद्यार्थ्यांचा भरणा आहे. त्यांना सहसा भत्ता मिळत नाही, पण लोकसंख्येत ते मोजले जातात. म्हणून तेथील प्रमाण आहे त्याहून कमी दिसते.

सर्वांत जास्त सुटतात त्या स्त्रिया. विम्याच्या हप्त्यांवर मिळणाऱ्या भत्त्याची मुदत सहा महिने. त्यापुढे सबंध घराचे उत्पन्न पाहिले जाते. नवरा कामावर असेल तर काम शोधणाऱ्या बाईला बहुधा काही मिळत नाही, मग ती अर्ज तरी कशाला करील? शासकीय मदत घेऊ नये अशी अट ज्यांच्या व्हिसावर असते, तेही या यादीत नसतात. स्पार्कहिल, ॲलम रॉक अशा स्थलांतरितांच्या वस्त्यांचा आकडा मोठाच दिसतो, पण खरी बेकारी त्याहूनही मोठी असावी असे मला वाटते.

आपल्याकडे तर असा नकाशाच निघत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, 1945 साली, देशात सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था सुरू झाली. पण तेथे नाव घालणारा प्रत्येकजण बेकार असतो असे नाही, आणि नाव घातले म्हणून भत्ता मिळतो असेही नाही. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. लालबाग-परळच्या चाळीचाळींत बेकारी आली, पण भत्ता नसल्याने वस्तीवार मोजणीही नव्हती. राज्य कामगार विमा योजनेखाली 2005 साली व पुन्हा 2018 साली बेकारी भत्त्याची तरतूद झाली. दुसऱ्या योजनेत 2020 साली भत्ता सरासरी मजुरीच्या निम्म्यापर्यंत, 90 दिवसांसाठी, ठरला. परंतु तो विमा उतरवलेल्या कामगारांपुरता आहे. नाक्यावर उभे राहणारे मजूर, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी, कंत्राटी सफाई कामगार यांपैकी ज्यांचा विमाच नाही, ते त्यात येत नाहीत.

त्यामुळे एखाद्या मंडळाला वा विद्यार्थी गटाला आपल्या वस्तीची बेकारी जाणून घ्यायची असेल, तर घरोघर जाण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा 'काम आहे का?' एवढेच विचारले तर घरकाम सांभाळणाऱ्या भगिनी 'नाही, मी घरीच असते' म्हणतील आणि पुन्हा हिशेबातून सुटतील. 'काम मिळाले तर कराल का?' आणि 'गेल्या महिन्यात किती दिवस काम मिळाले?' हे दोन प्रश्न सोबत ठेवावेत, आणि उत्तर घरातील प्रत्येक प्रौढाकडून वेगळे घ्यावे.