‘पलीकडून उतरा’ म्हणण्याआधी

गाडीचे मागचे डावे दार अडकले आहे, ही गोष्ट लोक फार सहजपणे सांगतात. ‘‘ते दार उघडत नाही हो, जरा पलीकडून उतरा,’’ एवढे म्हटले की काम भागते. मग मागे बसलेली आजी पिशवी आणि पदर सावरत सीटवरून उजवीकडे सरकते, दार उघडते आणि पाय खाली टाकते. तो पाय पडतो वाहत्या रस्त्यावर. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, गाडी डाव्या कडेला थांबते आणि म्हणून उतरण्याचे सुरक्षित दार डावेच असते. ते बंद पडले की आपण आजीला आणि नातवंडाला प्रत्येक वेळी मागून येणाऱ्या दुचाकीसमोर उतरवत असतो. म्हणूनच या किरकोळ वाटणाऱ्या बिघाडाबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी हे दार बंद राहते कसे, ते पाहू. गाडीचे एखादे चांगले दार उघडा. गाडीच्या खांबावर इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी एक जाड लोखंडी कडी दिसेल. दाराच्या कडेला तिच्यासमोर एक खाच असते आणि त्या खाचेत खेकड्याच्या नांगीसारखा एक फिरता तुकडा असतो. याला गॅरेजमध्ये लॅच म्हणतात. दार लावले की ही नांगी कडीभोवती फिरते आणि आतला एक छोटा खटका तिला परत फिरू देत नाही. आपण हँडल ओढतो तेव्हा एक सळई किंवा केबल तो खटका बाजूला सारते आणि नांगी मोकळी होते.

मग लॉक करणे म्हणजे काय? आपल्याला वाटते, आत एखादा अडसर पडत असेल. बहुतेक गाड्यांत तसे नसते. लॉक केल्यावर हँडल आणि खटका यांच्यातला संबंध तुटतो. हँडल ओढले तरी ती ओढ खटक्यापर्यंत पोहोचतच नाही. हे ध्यानात ठेवले तर एक मोठी चूक टळते. ती म्हणजे जोर लावण्याची. संबंधच तुटलेला असताना कितीही जोराने ओढले तरी दार उघडणार नाही, प्लॅस्टिकचे हँडल मात्र हातात येईल.

सेंट्रल लॉकिंगच्या गाडीत हा संबंध जोडण्या-तोडण्याचे काम प्रत्येक दारातली एक लहानशी विजेची मोटार करते. तिच्यात बारीक प्लॅस्टिकचे दाते असतात. काही वर्षांनी ते झिजतात आणि मोटार नुसतीच फिरते किंवा अर्ध्यावर थांबते. त्यात आपला पावसाळा. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोटात उतरतेच. ते बाहेर जावे म्हणून दाराच्या तळाशी लहान छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की आत ओल राहते, गंज चढतो आणि लॅचमधले ग्रीस धूळ खाऊन घट्ट होते.

दार अडकले की हत्यार हातात घेण्याआधी नेमके काय चालते आणि काय चालत नाही, हे पाहावे.

दार बाहेरून उघडते पण आतून उघडत नाही, असे असेल तर बहुधा तो बिघाड नसतोच. मागच्या दारांच्या कडेला लहान मुलांसाठी एक छोटी खिट्टी असते, ते चाइल्ड लॉक. गाडी धुताना किंवा सामान काढताना ती नकळत सरकते. बाहेरून दार उघडा आणि ती पूर्ववत करा. तेवढ्यासाठी गॅरेज गाठणारे पुष्कळ आहेत.

आतून उघडते पण बाहेरून नाही, तर बाहेरच्या हँडलची सळई निसटलेली किंवा तिची प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असण्याचा संभव जास्त. दोन्हीकडून उघडत नाही आणि आतले लॉकचे बटणही हलत नाही, तर मोटारीवर किंवा लॅचवर संशय घ्यावा. बटण व्यवस्थित वर येते आणि तरीही दार उघडत नाही, तर केबल सुटलेली असते किंवा खटका गंजून अडकलेला असतो.

कानाचाही उपयोग करा. रिमोट दाबल्यावर एकाही दारातून आवाज येत नसेल, तर आधी फ्यूज आणि बॅटरी तपासावी. तीन दारांतून ‘खट्ट’ आवाज येतो आणि चौथे गप्प, तर दोष त्या दारात आहे. त्या दाराची काचही बटणाने खाली-वर होत नसेल, तर दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी पाहावी. तिच्यातून वायरी जातात आणि दार हजारो वेळा उघडून-मिटून त्या आतल्या आत तुटतात. बाहेरून मात्र नळी शाबूत दिसते.

आता उघडण्याचा प्रयत्न. त्याला दोन माणसे हवीत. एकाने बाहेर उभे राहून तळहाताने दार आतल्या बाजूला घट्ट दाबावे आणि त्याच वेळी हँडल हलकेच ओढावे. कडेचे रबर दाराला सतत बाहेर ढकलत असते, त्यामुळे खटक्यावर ताण असतो. दार आत दाबले की तो ताण कमी होतो. दुसऱ्याने आत बसून रिमोट किंवा लॉकचा स्विच पुन्हा पुन्हा दाबावा आणि प्रत्येक वेळी लॉकचे बटण बोटांनी वर ओढून थकलेल्या मोटारीला हात द्यावा. लॅचच्या जवळ आतल्या पॅडवर मुठीने हलके ठोके मारले तर अडकलेली मोटार कधी कधी जागी होते. दहा-पंधरा वेळा हे करून पाहा. बरीच दारे इथेच उघडतात.

नाही उघडले तर आतले पॅड काढावे लागते आणि खरी कसरत इथे आहे. लॅच ज्या स्क्रूंनी बसवलेले असते ते दाराच्या कडेला असतात, म्हणजे दार उघडल्याशिवाय दिसतच नाहीत. त्यामुळे बंद दारातून लॅच काढण्याच्या भानगडीत पडू नये. आपले काम एवढेच, की लॅचला जोडलेल्या सळईपर्यंत पोहोचायचे. त्यासाठी मागच्या सीटची गादी उचलून जागा करतात, हँडलमागचे आणि हात टेकायच्या जागेखालचे स्क्रू काढतात आणि क्लिपा न तोडता पॅड हळूहळू सैल करतात. मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडायचा नाही, कडेने सोडवायचा. मग मोकळ्या जागेतून लांब स्क्रू ड्रायव्हरने सळई ढकलता येते. गाडीला बाजूच्या एअरबॅग असतील, तर काही गाड्यांत त्यांचा सेन्सर दारातच असतो. अशा गाडीचे पॅड घरी काढू नये, जाणत्या मेकॅनिककडे जावे. आणि कोणी पत्रा कापायचा सल्ला दिला, तर नम्रपणे निरोप घ्यावा.

दार एकदाचे उघडले की आनंदाच्या भरात ते धाडकन लावू नका. ही सर्वांत महत्त्वाची सूचना. दार उघडेच ठेवून स्क्रू ड्रायव्हरने नांगी बंद दिशेला दाबा. खट्ट, खट्ट असे दोन टप्पे ऐकू येतील. आता आतले आणि बाहेरचे हँडल ओढून पाहा, लॉक करून-काढून पाहा. नांगी दर वेळी मोकळी झाली तरच दार लावा. शेवटी ती उघडी आहे ना, याची खात्री करा, नाहीतर ती कडीवर आदळून वाकेल. मोटारीचे दाते झिजले असतील तर मोटार किंवा पूर्ण लॅच बदलणेच बरे. नुसते तेल मारून ते आठवडाभर चालेल आणि पुन्हा अडकेल. कागद मात्र नीट चिकटवून घ्या, नाहीतर पुढच्या पावसात पाणी पायाशी येईल.

एका प्रसंगात मात्र यातले काहीही करत बसू नये. मूल आत आहे, किल्ली आत आहे आणि दारे लॉक झाली आहेत. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सियसने वाढते. काच बोटभर खाली असली तरी फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. दुसरी किल्ली हाताशी नसेल, तर ११२ क्रमांकावर फोन लावण्यास कोणाला तरी सांगा आणि मुलापासून लांबची बाजूची काच फोडा. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नका. तिच्यात दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकते पण सुटत नाही. बाजूची काच बहुतेक गाड्यांत फुटल्यावर बारीक दाण्यांसारखी होते. घाव मध्यभागी नव्हे, कोपऱ्याजवळ घाला, टोकदार वस्तूने, आणि हाताला कापड गुंडाळून. काच पुन्हा बसवता येते.

राहिली देखभाल. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, लॅच कापडाने पुसून थोडे ताजे ग्रीस लावावे. दाराच्या तळाची छिद्रे काडीने मोकळी करावीत. किल्लीच्या भोकात तेल ओतू नये, त्यावर धूळ बसते. तिथे ग्रॅफाइटची पूड चांगली. रिमोटची सवय लागल्यामुळे किल्ली वर्षानुवर्षे दाराला लागतच नाही, म्हणून महिन्यातून एकदा किल्लीनेही दार उघडावे.

आणि आजच, गाडी उभी असताना, एक लहानशी चाचणी घ्या. चार दारे, प्रत्येकाला आतले आणि बाहेरचे अशी दोन हँडले. आठ वेळा ओढून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. मागचे डावे दार कुरकुरत असेल, तर या आठवड्यातच ते दुरुस्त करून घ्या. आजीला पुढच्या वेळी पदपथाच्या बाजूला उतरू द्या.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)