नियम सगळ्यांचा, सापडला एकात
मानसशास्त्रातला जुना वाद: शेकडो माणसांची सरासरी काढून नियम शोधायचा, की एकाच माणसाच्या खोलात शिरायचं? जर्मन तत्त्वज्ञ विंडेलबांड यांनी १८९४ मध्ये ज्ञानाच्या या दोन वाटा वेगळ्या दाखवल्या. पुढे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी एकेका माणसाची बाजू लावून धरली.

मला मात्र यात हेन्री मोलेसन आठवतो. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये अमेरिकेत त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग दोन्ही बाजूंनी काढला. त्यानंतर नवी आठवण टिकेचना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. (करून बघा, हात भलतीकडेच जातो!) तीन दिवसांत त्याचा हात छान बसला, पण हे आपण आधी कधी केलंय याचा त्याला पत्ताच नाही! म्हणजे घडलेलं आठवणं वेगळं, हाताला वळण लागणं वेगळं. एवढा मोठा नियम एका माणसाने दाखवला.

सरासरी तर कधीकधी चक्क फसवते. प्राण्यांच्या शिकण्याच्या प्रयोगांत गटाचा आलेख हळूहळू चढताना दिसतो. एकेकाचा वेगळा काढला, की बऱ्याचदा एकदम उडी!